दोघांची खोली, चौघांची बोट: माफुशी बेटावरील एका गेस्टहाउसचे परीक्षण

ज्या गेस्टहाउसविषयी मी लिहीत आहे त्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. आठ खोल्यांवर ज्यांचा संसार चालतो अशा माणसांच्या नावापुढे माझ्या लहानमोठ्या तक्रारी कायमच्या चिकटून राहाव्यात असे मला वाटत नाही. शिवाय मालदीवमधील माफुशी बेटावर याच घाटणीची गेस्टहाउसे इतकी आहेत की एकाविषयी लिहिलेले बरेचसे शेजारच्यालाही लागू पडावे. आम्ही दोघे २०२५च्या सप्टेंबरअखेरीस तेथे पाच रात्री राहिलो. लग्नाला एकोणीस वर्षे झाल्यानंतर मुलांना मागे ठेवून दोघांनीच केलेला हा पहिला प्रवास होता, आणि किती खर्च करायचा तो आकडा निघण्यापूर्वीच एका कागदावर लिहून ठेवलेला होता. तो आकडा ओलांडला गेला; मात्र खोलीचे मूळ भाडे, जेवण, खरेदी यांपैकी ज्या गोष्टींची आम्हांला धास्ती होती त्यांमुळे नव्हे. मालदीवमध्ये कमी पैशांत राहणाऱ्या जोडप्याचा हिशेब खोलीचे भाडे बिघडवत नाही, त्यावरचे कर आणि बोट बिघडवतात, ही गोष्ट आम्हांला तेथे पोहोचल्यावरच कळली.

मालदीवमधील पर्यटनाची सुरुवात १९७२ साली झाली आणि पुढची जवळजवळ चार दशके एका बेटावर एकच रिसॉर्ट या धोरणानुसार तेथील व्यवहार चालला. पाहुण्यांची बेटे वेगळी, वस्तीची बेटे वेगळी. ज्याला रिसॉर्ट परवडत नाही त्याला तो देशच परवडत नाही, असे त्या काळात समजले जाई आणि ते खरेही होते. २००९च्या सुमारास सरकारने नियम बदलून वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसे चालवण्यास मुभा दिली, पाठोपाठ २०१० साली माफुशीवर पहिले गेस्टहाउस उघडले, आणि हे बेट बघता बघता स्वस्त मालदीवचे दुसरे नाव होऊन बसले. राजधानी मालेच्या दक्षिणेला सुमारे २७ किलोमीटरवर असलेले हे बेट लांबीला सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि रुंदीला तीनशे मीटरपेक्षाही कमी आहे. एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत हातातला आइस्क्रीमचा कोन संपत नाही. बेटावर मशिदी आहेत, शाळा आहे, आणि एका टोकाला देशातील मुख्य तुरुंग आहे. त्या तुरुंगाची भिंत मधुचंद्राच्या जाहिरातींत कोणी दाखवत नाही, पण आमच्या रोजच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची ती हद्द होती.

पहिली चूक आमचीच होती. आम्ही शुक्रवारी उतरलो. मालदीवमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते, आणि सार्वजनिक फेरीबोटी शुक्रवारी बहुतेक मार्गांवर बंद असतात. विमानाचे तिकीट त्या दिवशी थोडे स्वस्त होते म्हणून आम्ही ते आनंदाने घेतले होते. वेलाना विमानतळ हुलहुले या बेटावर आहे. आगमन कक्षातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की लगेच धक्का आणि निळेशार पाणी समोर येते, आणि तेथूनच निरनिराळ्या बेटांच्या स्पीडबोटी सुटतात. माफुशीच्या स्पीडबोटीचे आम्ही माणशी २५ डॉलर दिले. तिकिटात जे वाचले होते ते धक्क्यावरच संपले. बोट पाऊण तासात पोहोचली, मात्र ते सप्टेंबरचे पाणी होते आणि आम्ही हौसेने पुढच्या बाकावर बसलो होतो. प्रत्येक लाटेला बोटीचे नाक वर उचलले जाई आणि खाली आपटे, आणि त्याबरोबर आमच्या पाठीचे मणकेही मोजले जात. मागे, इंजिनाच्या बाजूला बसलेली स्थानिक मंडळी डुलक्या काढत होती. हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून येथे सांगते: स्पीडबोटीत मागे बसावे.

कागदपत्रांचा त्रास मात्र काही झाला नाही. व्हिसा उतरल्यावर विनामूल्य मिळतो. त्यासाठी परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण दाखवावे लागते. प्रवासाच्या आधी ९६ तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर एक घोषणापत्र भरायचे असते, तेही विनामूल्य आहे, आणि ते भरून देण्याचे पैसे मागणारी जी संकेतस्थळे शोधात वर येतात ती सरकारी नव्हेत. सामानात मद्य, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती नेण्यास मनाई आहे. माझ्या पर्समध्ये कायम असणारा बोटभर उंचीचा गणपती त्यामुळे घरीच राहिला.

आता खोलीविषयी. ती पहिल्या मजल्यावर होती, स्वच्छ होती, आणि छायाचित्रात दिसली होती त्यापेक्षा लहान होती. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले होते. ते मोडल्याशिवाय हात पुसता येत नाहीत, हा या कलेतील दोष माझ्या नवऱ्याने पहिल्याच मिनिटाला दाखवून दिला. वातानुकूलन यंत्र उत्तम चालत असे, परंतु त्याचे पाणी गॅलरीच्या दारात ठिबकत असे आणि तेथे ठेवलेल्या बादलीवर रात्रभर ठरावीक ताल धरला जात असे. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर बादलीत एक जुने फडके टाकण्यात आले. ताल थांबला, गळती राहिली. नळाला समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून केलेले पाणी होते आणि कमोडला जमिनीतले, त्यामुळे स्नानगृहात किंचित गंधकासारखा वास येई. दार उघडे ठेवले की तो जात असे. प्रवाळाच्या बेटांवर नदी नसते, तलाव नसतो; पावसाचे जे पाणी वाळूत मुरते त्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो, एवढेच जमिनीतले गोडे पाणी. हे समजल्यावर मी वासाची तक्रार केली नाही आणि शॉवरखाली उभे राहण्याचा वेळही थोडा कमी केला.

खोलीविषयी माझी खरी तक्रार एकच आहे, आणि ती तिच्या भाड्याच्या मांडणीची. भाडे न्याहारीसह रोजचे ४८ डॉलर असे आम्हांला कळवले गेले होते. पाच रात्रींचे २४० डॉलर होतील असे धरून आम्ही तो आकडा कागदावर लिहिला होता. प्रत्यक्ष बिलात या २४० डॉलरांवर प्रथम दहा टक्के सेवाशुल्क चढले आणि रक्कम २६४ झाली. त्या २६४ वर पर्यटन व्यवसायाचा वस्तू व सेवा कर लागला, जो जून २०२५पर्यंत १६ टक्के होता आणि १ जुलै २०२५पासून १७ टक्के झाला; म्हणजे आणखी ४४ डॉलर ८८ सेंट. त्यानंतर हरित कर आला. लहान गेस्टहाउसांत तो माणशी रोज तीन डॉलर असे आणि जानेवारी २०२५पासून सहा झाला आहे. दोघांचे पाच दिवसांचे ६० डॉलर. एकूण झाले ३६८ डॉलर ८८ सेंट, म्हणजे मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक. यातील एकही कर गेस्टहाउसने मनाने लावलेला नाही, हे मान्य. पण हरित कर खोलीच्या भाड्यावर नसून माणसावर असतो, त्यामुळे खोली जितकी स्वस्त तितका तो जड जातो: मोठ्या रिसॉर्टमध्ये हाच कर माणशी बारा डॉलर असला तरी तेथील भाड्यात तो दिसतसुद्धा नाही, आणि आमच्या ४८ डॉलरांच्या खोलीवर मात्र तो रोजचा पाव हिस्सा होऊन बसला. आरक्षणाच्या संदेशात तळाशी ‘कर वेगळे’ असे दोन शब्द होते. कायद्याने ते पुरेसे असतील. दोन शब्दांमागे १२८ डॉलर ८८ सेंट दडलेले असतात हे मालकांनाही ठाऊक होते आणि आम्ही विचारेपर्यंत त्यांनी सांगितले नाही. त्यामुळे चौकशी करताना ‘रोजचे भाडे किती’ असे न विचारता ‘दोघांचे, इतक्या रात्रींचे, सर्व करांसह एकूण किती’ असे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

न्याहारी ही या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू होती. पाहुण्यांसाठी अंडी, पाव आणि जॅम असा बेत ठरलेला असे, पण पहिल्याच सकाळी मागच्या अंगणातून खवलेल्या नारळाचा वास आला म्हणून मी डोकावले. मालकांची आई एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसली होती. बैठकीच्या पुढे आलेल्या मानेला दातेरी लोखंडी पाते होते आणि दोन्ही हातांत धरलेली नारळाची वाटी त्यावर फिरत होती. आपल्या खोवणीची ही सख्खी बहीण, नाव हुनिगोंदी. मग त्यांनी बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि मीठ एका पसरट भांड्यात घेऊन बोटांनी असे काही चुरडले की कांद्याला पाणी सुटले; त्यात लिंबू पिळले, त्यावर कुस्करलेला ट्यूना मासा आणि शेवटी नारळ घालून सगळे हलक्या हाताने कालवले. हे मस हुनी: मस म्हणजे मासा आणि हुनी म्हणजे खवलेला नारळ. सोबत रोशी नावाची पातळ पोळी, तव्यावरून थेट ताटात. मला ते ताट मिळाल्यानंतर अंडी आणि पाव यांकडे मी पाच दिवसांत पुन्हा पाहिले नाही. आजी आणि मी एकमेकींच्या भाषेत बोलू शकत नव्हतो, पण दिवेही, म्हणजे मालदीवची भाषा, ही सिंहलीची जवळची नातलग, आपल्या भाषांच्याच कुळातली. रोश्या मोजताना त्या एके, दे, तिने, हतरे, फहे अशा मोजू लागल्या तेव्हा चारपर्यंत मला कोणी शिकवावे लागले नाही, आणि पुढे सहाला हये व सातला हते म्हणतात हे कळल्यावर आपला ‘स’ तिकडे ‘ह’ होतो एवढा नियम हाती लागला.

नवऱ्याची स्थिती मात्र वेगळी होती. तो शाकाहारी आहे, आणि ज्या देशात माशाचा अर्क काढून वाटीत ठेवतात तेथे शाकाहारी माणसाने फार अपेक्षा ठेवू नये. बेटावरील चहाच्या हॉटेलांना तिकडे होटा म्हणतात. दुपारी चारच्या सुमारास तेथे काचेच्या कपाटात हेदिका, म्हणजे चहाबरोबर खायचे तळलेले पदार्थ, मांडून ठेवतात. एक बजिया नावाचा पदार्थ पाहून त्याचे डोळे चमकले. नावावरून भजी वाटली, आकारावरून समोसा निघाला आणि आत मासा होता. गुल्हा नावाचे गोल वडे, त्यांतही मासा. मसरोशीच्या तर नावातच मासा आहे. माझ्यासाठी ही होटाची चहाफराळाची सोय पोटभरीची आणि सर्वांत स्वस्त ठरली. त्याला मात्र रात्रीच्या जेवणासाठी पर्यटकांच्या उपाहारगृहात जावे लागे, आणि भाज्या जवळजवळ सगळ्या बाहेरून जहाजाने येत असल्यामुळे भाजी-भाताचे बिल माझ्या मासळीच्या ताटापेक्षा जास्त होई. गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात काम करणारा बांगलादेशी मुलगा दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाला, ‘दादा, डाल खाबेन?’ आणि त्या दिवसापासून रात्री वरण-भाताची सोय झाली, अगदी वाजवी पैशांत. मेन्यूत हे कोठेही लिहिलेले नाही. शाकाहारी जोडीदार असेल तर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराशी ओळख करून घ्यावी.

आणि आता बोट. जिन्याखाली जे टेबल आहे त्याला स्वागतकक्ष म्हणायचे, आणि त्याच्यामागे भिंतीवर एक पांढरा फळा आहे. त्यावर दर दिवसाच्या सहली लिहिलेल्या असत: वाळूचा बेटखंड आणि दोन ठिकाणी स्नॉर्केलिंग, सूर्यास्ताच्या वेळी डॉल्फिन, रात्रीची मासेमारी, दक्षिण अरी प्रवाळकंकणात देवमाशाएवढी शार्क पाहण्याची दिवसभराची मोठी सफर. पुढे माणशी दर, आणि त्यापुढे कंसात एक आकडा: चार. आम्ही पहिल्या संध्याकाळी वाळूचा बेटखंड निवडला, माणशी ३५ डॉलर, आणि ७० डॉलर काढून टेबलावर ठेवले. व्यवस्थापकांनी नम्रपणे सांगितले की कंसातील चार म्हणजे किमान चार माणसे. दोघांसाठी बोट काढायची तर चौघांचे, म्हणजे १४० डॉलर पडतील. बोटीला लागणारे इंधन, चालवणारा आणि त्याचा मदतनीस यांचा खर्च आत दोन माणसे असली काय किंवा चार असली काय, तोच राहतो, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. तरीही मनाला ते लागले. मालदीवची प्रत्येक जाहिरात दोन माणसांना उद्देशून असते: दोन खुर्च्या, दोन पेले, वाळूवर उमटलेल्या पावलांच्या दोन रांगा. प्रत्यक्षात दोन ही तेथील सर्वांत अडचणीची संख्या आहे. खोली दोघांना मिळते, बोट मिळत नाही. एकट्या प्रवाशाला हे आधीपासून ठाऊक असते आणि तो पहिल्या दिवसापासून माणसे शोधू लागतो. जोडपे मात्र आपण पूर्ण आहोत अशा समजुतीत फिरते.

व्यवस्थापकांनी त्यावर जो उपाय केला त्यासाठी मी या गेस्टहाउसला मनापासून गुण देईन. त्यांनी फळ्यावर आमच्या दोघांची नावे लिहिली, खाली दोन रिकाम्या रेघा ओढल्या आणि संध्याकाळी गल्लीतल्या इतर गेस्टहाउसांत जाऊन तेथील फळे पाहून आले. दुसऱ्या दिवशी कोणी मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघांवर दोन नावे उमटली, समोरच्या गेस्टहाउसमध्ये उतरलेल्या श्रीलंकेच्या एका निवृत्त दांपत्याची, आणि आम्ही चौघे माणशी ३५ डॉलरांत निघालो. पाच रात्रींचा मुक्काम असल्यामुळे हे साधले. दोन-तीन रात्रींसाठी येणाऱ्या जोडप्यांना रेघा भरण्याची वाट पाहायला वेळ नसतो आणि ती मुकाट्याने चौघांचे पैसे भरतात, हे मी तेथे बसून पाहिले. एक रात्र वाढवण्याचा खर्च आमच्या हिशेबाने, करांसह, सुमारे ७४ डॉलर होता. चौघांची बोट दोघांनी घेण्याचा जादा खर्च ७० डॉलर. म्हणजे जवळजवळ तेवढ्याच पैशांत आम्हांला एक दिवस अधिक मिळाला.

सहलीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तिचे साहित्य गेस्टहाउसनेच दिले होते. स्नॉर्केलिंगसाठी डोळ्यांवर लावायची काच आणि श्वासाची नळी विनामूल्य मिळते, पण नीट पारखून घ्यावी. काच चेहऱ्यावर टेकवून, पट्टा न लावता, नाकाने हलकेच हवा आत ओढली की ती चिकटून राहिली पाहिजे. पडली तर ती तुमची नव्हे. माझी चिकटली. नवऱ्याची चारही वेळा गळली, आणि बोटीवरील मदतनिसाने अखेर निदान केले ते मिशीचे. मिशीच्या केसांतून पाणी आत शिरते. त्या मुलाने ओठावर चोपडायला थोडे पेट्रोलियम जेली दिले, त्याने काम अर्धेमुर्धे भागले. पाण्याखालचे दृश्य दोन प्रकारचे होते आणि दोन्ही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजेत. पहिल्या ठिकाणी खाली बरेचसे प्रवाळ करडे, मोडलेल्या फांद्यांच्या ढिगासारखे पडलेले होते. १९९८ आणि पुन्हा २०१६ साली समुद्राचे पाणी तापल्यामुळे मालदीवचे उथळ पाण्यातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, त्याचे अवशेष असे ठिकठिकाणी दिसतात. दुसऱ्या ठिकाणी, प्रवाळाची भिंत जेथे एकदम खोल जाते तेथे, रंग शिल्लक होते, आणि एक कासव होते. ते आमच्यापासून हातभर खाली चोचीने प्रवाळाच्या कपारीतले काहीतरी ओरबाडत होते, मध्येच मान वर करून आमच्याकडे पाहत होते, आणि पुन्हा कामाला लागत होते. श्रीलंकेच्या आजींना पोहता येत नव्हते. त्या तरंगत्या कड्याला धरून त्या कासवाकडे पाहत राहिल्या आणि वर आल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. विषुववृत्तापासून हे बेट अवघे चार अंश दूर आहे आणि आकाश ढगाळ असले तरी पाण्यावर पालथे पडून राहिलेली पाठ तासाभरात भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालून उतरावे. आम्ही ते एका पायाच्या पोटरीवर शिकलो.

चौथ्या दिवशीची डॉल्फिनची सहल वाऱ्यामुळे रद्द झाली. मे ते नोव्हेंबर हा तेथला हुल्हंगू, म्हणजे नैऋत्येच्या वाऱ्यांचा मोसम. त्या काळात खोल्या स्वस्त असतात त्या याच कारणाने, त्यामुळे रद्द होण्याविषयी तक्रार नाही. तक्रार ही की बोट चालवणाऱ्या मंडळींनी आमची आगाऊ रक्कम परत न करता दुसऱ्या सहलीत वळती करून घ्या म्हटले, आणि आमच्या मुक्कामात बसेल अशी दुसरी सहल नव्हती. गेस्टहाउसच्या व्यवस्थापकांनी अर्धी रक्कम स्वतःच्या गल्ल्यातून दिली. बाकीची गेली. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हवामानामुळे सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का, एवढे विचारून ठेवावे.

किनाऱ्याविषयी थोडक्यात. वस्तीच्या बेटावर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असा नियम आहे. पोहण्याच्या कपड्यांसाठी बेटाच्या एका बाजूला पर्यटकांचा वेगळा, आडोसा केलेला किनारा राखून ठेवला आहे. तेथे जागा अपुरी आहे. दहानंतर सावलीची एकही जागा शिल्लक राहत नाही, आणि तेथील पाण्यात पांढरी वाळू सुंदर असली तरी मासे पाहण्यासारखे प्रवाळ नाही. म्हणजे त्यासाठी पुन्हा बोट. आम्ही सकाळी साडेसहाला जात असू, त्या वेळी तो किनारा आमच्या मालकीचा असल्यासारखा असे. हातात हात घालून फिरण्याला कोणी हरकत घेत नाही. त्याहून अधिक जवळीक गावात दाखवू नये, हे पाटीवर नसले तरी समजून घ्यावे. नमाजाच्या वेळी दुकाने थोडा वेळ बंद होतात आणि शुक्रवारी दुपारी तर सगळे गाव थांबते, तेव्हा पाण्याची बाटली आधीच आणून ठेवावी. मद्य वस्तीच्या बेटांवर मिळत नाही. आम्हांला त्याची उणीव भासली नाही. ज्यांना भासेल त्यांनी गेस्टहाउसच्या फंदात पडू नये.

पैशांच्या बाबतीत आमची एक चूक दुरुस्त होण्यासारखी होती. सगळीकडे डॉलर चालतात म्हणून आम्ही दोन दिवस होटातही डॉलरच देत राहिलो आणि प्रत्येक वेळी दुकानदाराच्या सोयीच्या दराने सुटे रुफिया, म्हणजे तेथले चलन, परत घेत राहिलो. अधिकृत दर डॉलरला १५ रुफिया ४२ लारीच्या जवळपास असतो. लहान खर्चासाठी थोडे रुफिया आधीच बदलून घ्यावेत आणि डॉलर खोलीच्या व बोटीच्या बिलासाठी राखावेत. जे रुफिया उरले त्यांची आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी गुल्हे खाऊन विल्हेवाट लावली, म्हणजे मी लावली.

परतीला बुधवार होता, म्हणून सार्वजनिक फेरीबोट मिळाली. स्पीडबोटीच्या तुलनेत तिचे भाडे अगदी किरकोळ, आणि वेळ दुप्पट: सुमारे दीड तास. ती विमानतळावर न थांबता मालेच्या नैऋत्य टोकाच्या धक्क्याला लागते, तेथून शहर ओलांडून २०१८ साली झालेल्या पुलावरून विमानतळाच्या बेटावर जावे लागते, त्यामुळे दुपारनंतरचे विमान असेल तरच हिच्या वाटेला जावे. बोटीत गणवेशातली मुले होती, गॅसच्या रिकाम्या टाक्या होत्या, दोरीने बांधलेला एक गादीचा गठ्ठा होता आणि त्यावर झोपलेला त्याचा मालक. संथ चालीमुळे लाटांचा त्रासही झाला नाही. व्यवस्थापक आम्हांला धक्क्यापर्यंत सोडायला आले होते आणि पुढच्या खेपेला कोणती खोली ठेवू, असे त्यांनी विचारले. तीच, असे आम्ही सांगितले, पण गळती थांबवून. आणि शुक्रवारी नाही.